श्वास शिकायला आम्ही दोघं

गोव्यात डिचोलीच्या खाणींवर मी बरीच वर्षं ट्रक चालवला. मूळचा सावंतवाडीकडचा. लग्नानंतर मये गावात खोली घेतली आणि तिथल्याच भजनी मंडळात गाऊ लागलो. माझा आवाज मोठा, आणि त्याचीच मला घमेंड. पेटीवाला म्हणायचा, पट्टी जरा खाली घेऊ या. मी मुद्दाम वर चढवायचो.

एका चवथीला, म्हणजे गणपतीत, घरोघरी भजनं चालू होती. तिसऱ्या दिवशी एका घरी अभंग सुरू केला आणि आवाज गेला. तोंड उघडलं तर नुसती हवा. मंडळातल्या दुसऱ्या कुणीतरी अभंग उचलून घेतला, मी टाळ धरून मान खाली घालून बसलो.

मला वाटलं, खाणीची लाल धूळ बाधली. डॉक्टरांनी घसा बघितला. "धूळ असेल थोडी," ते म्हणाले, "पण तू गात नाहीस, ओरडतोस. महिनाभर गप्प बस आणि मग कोणाकडे तरी शीक."

गावात शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई राहायच्या. लग्नाआधी त्या बेळगावात गाणं शिकल्या होत्या. सासरी ते बंद पडलं. नवरा गेल्यावर त्यांनी गावातल्या मुलींना शिकवायला सुरुवात केली होती. मी जाऊन विचारलं. मला खालपासून वरपर्यंत बघून त्या म्हणाल्या, "घरात मी एकटी असते. यायचं तर बायकोला घेऊन ये. ती बसेल बाजूला."

अशी माझी बायको सोबतीला यायला लागली. येताना अबोलीची फुलं आणायची आणि भिंतीला टेकून ओवत बसायची.

पहिल्या दिवशी बाईंनी मला जमिनीवर उताणा झोपवला आणि पोटावर सोललेला नारळ ठेवला. "श्वास घे. नारळ वर आला पाहिजे, छाती नाही." माझी छाती भात्यासारखी फुगली, नारळ जागचा हलला नाही. कधीतरी हलला तो घरंगळत बायकोच्या पायाशी गेला. तिने पदर तोंडाला लावला. पुढे उभं राहून तेच करायचं, मग दातांतून 'स्स्' करत श्वास हळूहळू सोडायचा, आणि शेवटी नुसता सा. दोन महिने सा सोडून काही नाही.

"जबडा सोड," बाई म्हणायच्या. "पावाचा कडक उंडो चावायला घेतलायस का?"

मला ते जमेना. सा लागायचा, पण थोड्याच वेळात थरथरून तुटायचा. एक दिवस बाई कंटाळल्या असाव्यात. बायकोकडे वळून म्हणाल्या, "तू म्हण गो."

"माका खय गाणा येता?"

"गाणं नाही. नुसता सा."

तिने फुलं बाजूला ठेवली, श्वास घेतला आणि सा लावला. बारीक आवाज, पण सरळ, काठीसारखा. तो संपेचना. बाईंनी डोळे मिटले.

"हे कधी शिकलीस?"

"तुमी ह्यांका सांगतास ता आयकतंय. भाकऱ्यो भाजताना करून बघतंय."

घरी जाताना मी तिच्या पुढे झपाझप चालत राहिलो. दुसऱ्या दिवशी तिला सांगितलं, "तू येव नको. तू आसलंस की माझा लक्ष लागणा नाय." ती माझा डबा बांधत राहिली.

मी एकटा गेलो. बाईंनी दार अर्धंच उघडलं आणि माझ्या पाठीमागे बघितलं. "ती कुठे?"

"बरं नाही तिला."

"मग ती बरी झाली की ये."

असं दोनदा झालं. तिसऱ्या वेळी मी खरं ते सांगून टाकलं. बाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "तुझा घसा चांगला आहे. तू दुसऱ्याचं ऐकत नाहीस, म्हणून तुला ओरडावं लागतं. घरी जा आणि तिला विचार, तुझं कुठे चुकतं ते."

विचारायला मला दोन दिवस लागले. सकाळी ड्युटीवर निघताना शेवटी विचारलं. ती लगेच म्हणाली, "खांदे. सा लावच्या आदीच तुमचे खांदे वर येतत." मग तिने माझ्या मागे उभं राहून दोन्ही खांद्यांवर हात ठेवले. मी सा लावला, खांदे उचलले गेले की ती दाबायची. इतकंच. तीन आठवडे रोज सकाळी आम्ही हेच केलं, आणि एका सकाळी तिला दाबावं लागलं नाही. त्या दिवसापासून आम्ही दोघं पुन्हा बाईंकडे जायला लागलो.

पुढच्या चवथीला मी पट्टी खाली घेतली. पाचही दिवस आवाज टिकला. बाई एका घरी ऐकायला आल्या, बायकांत मागे बसल्या. नंतर एवढंच म्हणाल्या, "दुसऱ्या ओळीत मध्येच श्वास घेतलास. शब्द तुटला."

त्यांनी त्यानंतर गावातल्या बायकांचं भजनी मंडळ उभं केलं आणि माझ्या बायकोला पुढे बसवलं. तिने आधी नाही म्हटलं. मीच मागे लागलो, आणि हे एक काम मी आयुष्यात नीट केलं असं मला वाटतं.

पेडण्याला एका देवळात बायकांच्या मंडळाचं भजन होतं. बाई आणि मी सभामंडपात शेवटच्या रांगेत बसलो होतो. बायको गात असताना माईक बंद पडला. ती थांबली नाही, आवाजही चढवला नाही. तरी आमच्यापर्यंत शब्दन् शब्द येत होता. मी बाईंकडे बघितलं. त्या दिवशी त्यांनी एकही चूक काढली नाही.

मी म्हटलं, "बाई, तुमचे उपकार..."

"ते राहू दे," त्या म्हणाल्या. "तिच्यासाठी पाणी घेऊन ये. थंड नको."

मी उठलो आणि बाहेरच्या चहावाल्याकडे कोमट पाणी मागायला गेलो.