कातकरी बालवाडीतली सर्वात ढ विद्यार्थिनी

बडबड्या माणसाला दिवसभर गप्प बसवायचं असेल तर किन्हवलीच्या पुढे पाठवा. मी तर आपल्या पायांनी गेले! एका शिबिरात ओळख झालेली सुगंधा म्हणाली होती, "ताई, आमची कातकरी बालवाडी बघाया या. पण कुंपणाच्या आत मराठी बोलायचा नाय हां, आमची कातकरी बोलीच."

आसनगावला उतरून शहापूर, तिथून एसटीने किन्हवली, पुढे दहा रुपयांत जीप आणि मग वालाच्या शेतांमधून अर्धा तास पायी. पाणी सोबत घ्या. मोबाइलला रेंज नव्हती, जानेवारीचं ऊन मात्र छान होतं.

सुगंधाच्या दारात एक गाठोडं बांधून ठेवलेलं दिसलं. तिच्या आईचं, बारकीबायचं. शाळेत पोरं कातकरी बोलीला हसायची म्हणून बारकीबायने सुगंधाशी लहानपणापासून मराठीच धरली होती; लेकीला कातकरी आलीच नाही. आता मात्र बालवाडीत चार महिने ती फक्त कातकरी बोलत होती. मुलांना सगळं कळायचं, उत्तर मात्र मराठीत यायचं.

"पोरा बोलतच नाय, मंग मी कशाला बसू हितं? उद्या भट्टीवर जाते विटा पाडाया," ती म्हणाली. सुगंधा खाली मान घालून भाकऱ्या थापत राहिली.

बालवाडीच्या कुंपणाच्या आत मी तोंडाला कुलूप लावलं; कातकरीचा एक शब्द येत नव्हता. बारकीबाय काहीतरी म्हणाली, मुलं पळत जाऊन दगड घेऊन आली. मी पान आणलं. पुन्हा सांगितलं, सगळी बसली. मी उभीच. तिसऱ्यांदा चुकले तेव्हा चार वर्षांची मंजू वैतागली. कमरेवर हात ठेवून, थेट बारकीबायच्या थाटात, तिने मला खडसावलं. कातकरीत! आख्खं वाक्य!

बारकीबाय जागच्या जागी थांबली. मग बाकीची पोरंही माझ्यावर तुटून पडली. खरं सांगते, त्यानंतरच्या सगळ्या चुका मी मुद्दाम केल्या. आयुष्यात इतकी बोलणी खाऊन इतका आनंद कधी झाला नव्हता.

दुपारी नाचणीची भाकरी आणि चिंबोऱ्यांचं कालवण जेवलो. निघताना बघितलं तर गाठोडं सुटलेलं होतं आणि त्यातली गोधडी वलणीवर पडली होती.

घरी आल्यावर त्या दिवसाची एवढी बडबड केली, की नवरा म्हणाला, तुला परत तिकडेच सोडून येतो. पंधरा दिवसांनी सुगंधाचा किन्हवलीहून फोन आला.

"ताई, पोरा रोज काय तरी इचारतात."

"काय?"

"ती ढ बाय परत कधी येनार!" ती हसत सुटली. मग हळूच म्हणाली, "मला कळला नाय ओ. आयला इचारावा लागला, पोरा काय बोलतात ते."