झिव्काला सिनेमा कसा वाटला

बल्गेरियातल्या लोम गावात एखादी नवी मालिका चांगली की टुकार, हे ठरायचं झिव्काच्या खुर्चीत. झिव्का बायकांचे केस कापायची, रंगवायची, आणि हात चालू असले की तोंडही चालू. कुठल्या तुर्की मालिकेतली सासू उगाच डोळे वटारते, कुठल्या नव्या सिनेमातला पोलीस चिखलाच्या बुटांनी गालिच्यावर चढतो, सगळं तिला खटकायचं. आवडलं तर मात्र कात्री बाजूला ठेवून ती अख्खा प्रसंग करून दाखवायची. अर्धे केस कापलेलं गिऱ्हाईक आरशातून बघत बसायचं. तक्रार कुणीच करत नसे.

मग लोममध्येच एका सिनेमाचं चित्रीकरण झालं. सोफियाहून आलेली मंडळी उन्हाळाभर डॅन्यूबच्या काठावर तळ ठोकून होती. गोष्ट साधी होती. फेरीबोटीच्या कप्तानाची बायको इटलीत म्हाताऱ्यांची सेवा करायला जाते आणि काही वर्षांनी परत येते. गर्दीच्या दृश्यांत अर्धं गाव उभं राहिलं. झिव्काची नणंद त्सोन्का पोस्टात काम करायची; तिला तर चक्क भूमिका मिळाली. बसस्टँडवर इटलीला निघालेल्या कप्तानाच्या बायकोच्या गळ्यात पडून हंबरडा फोडायचा. त्सोन्का महिनाभर आरशासमोर रडायचा सराव करत होती.

सिनेमा गावच्या सभागृहात लागला, तेव्हा टाळ्यांनी छप्पर उडायचं बाकी राहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी गावच्या रेडिओवरचा प्लामेन माईक घेऊन झिव्काच्या दुकानात हजर. कार्यक्रम थेट सुरू होता. डोक्याला रंग लावून बसलेल्या बायकांनी आधीच कौतुक उधळलं होतं. प्लामेननं माईक झिव्कासमोर धरला.

"मावशी, आता तुम्ही सांगा."

त्सोन्का पोस्टात रेडिओ लावून बसली असणार, हे झिव्काला पक्कं ठाऊक होतं. दोन गोड शब्द बोलून सुटता आलं असतं. पण कालपासून घशाशी अडकलेलं बाहेर पडलंच.

"कप्तान एकटा कांदा कापत बसतो ना, तिथे मी हरले. एक शब्द नाही बोलत तो, पण घर रिकामं झालंय हे कळतं. बसस्टँडचं मात्र सगळं खोटं. आपल्याकडे बस सुटेपर्यंत कोण रडतं? आपण पिशव्या मोजतो, डबा घेतलास का विचारतो. आणि आमची त्सोन्का रडतेय खरी, पण एक डोळा कॅमेऱ्यावर. शेवटही पटला नाही. बायको इतक्या वर्षांनी आली आणि हा बाबा साधा हातही वर करत नाही?"

दुपारपर्यंत गावात दोन तट पडले. बाजारात, बेकरीपाशी, धक्क्यावर एकच विषय. कुणी म्हणे झिव्काला मत्सर झालाय, कुणी म्हणे एक तरी माणूस खरं बोललं. झिव्काचा नवरा बहीण आणि बायको यांच्या कात्रीत सापडून मासे पकडायला निघून गेला. त्सोन्काचा फोन आला नाही, आणि ते झिव्काला सगळ्यात जास्त लागलं.

पण झालं भलतंच. त्सोन्काचा डोळा खरंच कॅमेऱ्यावर आहे का, हे ज्याला त्याला बघायचं होतं. ज्यांनी सिनेमा पाहिला होता ते परत आले, ज्यांनी नव्हता पाहिला तेही आले. सभागृहवाल्यांनी शनिवारी दुपारी आणखी एक खेळ लावला, तर बाजूच्या खोलीतल्या खुर्च्यासुद्धा आणाव्या लागल्या. झिव्का मागच्या रांगेत अंग चोरून बसली. आणि त्सोन्का आली ती लाल कोट घालून, मान ताठ ठेवून, थेट पहिल्या रांगेत.

बसस्टँड आलं तसं सभागृह चिडीचूप झालं. सूर्यफुलाच्या बिया फोडणंही थांबलं. पडद्यावरची त्सोन्का गळ्यात पडली, हुंदका दिला, आणि डोळा हळूच इकडे वळला. अंधारात पहिल्या रांगेतून आवाज आला.

"अगं बाई, बघतेय की मी खरंच."

मग जो हशा पिकला! लोक पोट धरून हसत होते, खुर्च्या बडवत होते, आणि सगळ्यात मोठ्यानं त्सोन्का हसत होती. झिव्काच्या जिवात जीव आला. हसू ओसरलं, गोष्ट पुढे सरकली, शेवट आला. कप्तानाची बायको धक्क्यावर उतरली, आणि कप्तानानं सुकाणूवरचा हात उचलला. जेमतेम खांद्यापर्यंत, पण उचलला. सगळ्यांना स्पष्ट दिसला. शेजारच्या बाईनं झिव्काच्या बरगडीत कोपर मारलं.

झिव्का चक्रावली. मग तिला आठवलं. पहिल्या वेळी त्या क्षणी ती रुमालात तोंड खुपसून ढसाढसा रडत होती.

खेळ संपल्यावर त्सोन्का दारातच वाट अडवून उभी होती.

"वहिनी, माझी पोर इटलीला गेली तेव्हा तू होतीस बसस्टँडवर. मी रडले होते का गं?"

"नाही," झिव्का म्हणाली. "स्वेटर पिशवीत वरच ठेव म्हणून तिच्यावर खेकसत होतीस. मग बस गेल्यावर रिकाम्या जागेकडे बघत उभी राहिलीस. मी हाताला धरून नेलं तुला."

"सिनेमात तेच करायला हवं होतं मी," त्सोन्का म्हणाली, आणि दोघी हातात हात घालून कॉफी प्यायला गेल्या.

सोमवारी प्लामेन पुन्हा आला. झिव्कानं माईकवर सरळ सांगून टाकलं, की हात वर झाला होता, चूक तिची, कारण ती रडत होती. आणि जो सिनेमा बघणाऱ्याला पडदा दिसू देत नाही, तो काही वाईट म्हणता येणार नाही. ऐकणाऱ्यांना ते इतकं आवडलं, की सोमवारची ती वेळ रेडिओवाल्यांनी तिलाच देऊन टाकली. कार्यक्रम दुकानातूनच होतो. त्सोन्का पोस्टातून सुट्टी काढून येते, शेजारच्या खुर्चीत बसते आणि झिव्काचं प्रत्येक मत खोडून काढते. परवा एका नव्या मालिकेवरून दोघींची अशी जुंपली, की केस धुवायला बसलेली बाई ओल्या डोक्यानं उठली आणि तिनंही माईक ओढून घेतला.