बिडाचा ब्लॉक आणि पाठीमागच्या दोन बायका

आप्पासो मगदुमांचा जन्मभर एकाच धातूवर जीव होता, तो म्हणजे बीड, ओतीव लोखंड. शिरोलीच्या एका फौंड्रीत त्यांनी उभी हयात वाळूच्या साच्यांत वितळलेलं बीड ओतण्यात घालवली. जीप आणि ट्रॅक्टरच्या इंजिनांचे ब्लॉक, म्हणजे इंजिनांची मूळ धडं, काढता काढता केस पांढरे झाले. निवृत्त होऊन मंगळवार पेठेतल्या घरी बसले, तरी हात गप्प बसेनात. पद्मावतीबाई तवा घ्यायला निघाल्या की हे बरोबर. दुकानात तव्यावर टिचकी मारायची, कान लावायचा आणि दुकानदाराच्या तोंडावर सांगायचं, "ह्यात वाळू ऱ्हायलीया." शेवटी पद्मावतीबाई त्यांना न सांगताच बाजाराला जायला लागल्या.

ॲल्युमिनियमला तर ते धातूच मानत नसत. "त्यो डबा हाय. त्यात चपात्या ठेवायच्या," एवढंच त्यांचं मत.

अशा माणसाच्या दारात एके सकाळी कोडोलीचा बाळासो येऊन उभा राहिला. तरुणपणी तो आप्पासोंच्याच हाताखाली फौंड्रीत होता. नंतर नोकरी सोडून वारणेकाठच्या मळ्यात ऊस करायला लागला, पण आप्पांकडं येणं-जाणं कधी तुटलं नाही.

"आप्पा, मला एक ब्लॉक निवडून द्या," चहाची बशी खाली ठेवत तो म्हणाला.

"ट्रॅक्टरचा?"

"न्हाय. बोटीला."

मग त्यानं सगळी कथा सांगितली. महापुराच्या वेळी उपयोगी पडावी म्हणून त्यानं फायबरची एक जुनी बोट घेतली होती. तिला छोटी मोटर होती. गेल्या पावसाळ्यात नदी फुगली, तेव्हा तो गोठ्याकडं जायला निघाला. मोटर जीव तोडून ओरडत होती आणि बोट मात्र मागं मागं चालली होती. तीन मळे ओलांडून ती एका आंब्याच्या झाडात अडकली आणि बाळासो संध्याकाळपर्यंत फांदीवर बसून राहिला.

"गावात काय म्हणत्यात म्हाईत हाय? बाळासोची बोट रिव्हर्समधी जास्त पळती."

पद्मावतीबाई स्वयंपाकघरातून खळखळून हसल्या. बाळासोही हसला, पण पुढचं बोलताना त्याचा चेहरा गंभीर झाला. दिवाळीनंतर वारणेत दोन्ही काठांच्या बोटींची शर्यत लागायची. पलीकडच्या काठाची माणसं दरवर्षी जिंकायची आणि वर्षभर टोमणे मारायची. त्याला पुराच्या धारेला उलटं जाणारं आणि शर्यतीत पळणारं, असं एकच इंजिन हवं होतं. नवीन मोटर परवडणारी नव्हती. भंगारातून चांगला ब्लॉक मिळाला, तर बाकीचं इंजिन त्याच्याभोवती हळूहळू जुळवता आलं असतं.

आप्पासोंच्या अंगात तर वारंच शिरलं. "हे बघ बाळ्या," ते सरसावून बसले, "गाडीला उतार लागतो, सिग्नल लागतो, तेवढाच इंजिनाला दम मिळतो. बोटीला उतारच न्हाय. तिचं इंजिन सारखं घाटच चढत असतंय. मग ब्लॉकच्या भिंती जाड पाहिजेत. बीडच पाहिजे."

दुसऱ्याच दिवशी दोघं क्रांतीच्या भंगारखान्यात गेले. क्रांती वडिलांच्या मागं तो धंदा एकटी सांभाळत होती आणि आप्पासोंना फौंड्रीपासून ओळखत होती. तिनं दोन माल दाखवले. एक जुन्या जीपच्या डिझेल इंजिनाचा बिडाचा ब्लॉक. दुसरा एका लहान पेट्रोल गाडीचा, ॲल्युमिनियमचा, आत लोखंडी सिलिंडर बसवलेला.

आप्पासोंनी ॲल्युमिनियमकडं पाहिलंसुद्धा नाही. बिडाच्या ब्लॉकवर हातोडी हळूच वाजवली. घंटेसारखा नाद आला. मग सगळीकडं रॉकेल फासलं, पुसलं आणि वरून खडूची पूड चोळली. बारीक चीर असती, तर तिच्यातलं रॉकेल झिरपून पांढऱ्या खडूवर ओली रेघ उमटली असती. कुठंही काही उमटलं नाही. शेवटी त्यांनी ब्लॉक कुशीवर कलंडवला, बोटानं मळ खरवडला आणि थबकले.

"काय झालं, आप्पा?" क्रांतीनं विचारलं.

मळाखाली ओतकामातच उठलेली खूण होती. त्यांच्याच फौंड्रीची, त्यांच्याच भट्टीची. खाली साल होतं. त्या साली त्या भट्टीवर आप्पासोच मुख्य होते.

"ह्यो माझा हाय," ते म्हणाले. "माझ्या हातनं ओतलाय."

क्रांतीनं मात्र व्यवहार सोडला नाही. "दोन्ही घेऊन जावा. जो नको तो परत आणा," असं म्हणून तिनं दोन्ही ब्लॉक टेम्पोत चढवायला लावले. ॲल्युमिनियमचा एकट्या बाळासोनं उचलला. बिडाचा चढवताना तिघांच्या कमरा मोडायला आल्या.

घरी पद्मावतीबाईंनी अंगणातल्या त्या दोन ब्लॉककडं बघितलं आणि साधाच प्रश्न विचारला. "एवढं जड धूड त्या डब्यासारख्या बोटीत बसवल्यावर ती पळंल व्हय?"

"न पळायला काय झालं? ताकद बघ की त्याची."

"मी ताकदीचं कुठं इचारलं? वजनाचं इचारतो."

प्रश्न आप्पासोंच्या डोक्यात रुतला. पुऱ्या जोडलेल्या दोन इंजिनांच्या वजनातला फरक त्यांनी मनात काढला, तो भरला दोन धडधाकट माणसांएवढा. आता फरक दोन माणसांचा असेल, तर पारख करायलाही दोन माणसंच पुरे होती.

रविवारी मंडळी कोडोलीला पोहोचली. बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला पाणी तळ्यासारखं शांत पसरलं होतं. बोटीला जुनी छोटीच मोटर होती. आप्पासोंनी हलक्या इंजिनाच्या वजनाची वाळूची पोती मागच्या बाजूला ठेवली. म्हणजे एवढं झालं ॲल्युमिनियमचं वजन. त्यावर बिडाचं जादा वजन म्हणून कोण बसणार, हा प्रश्न आला.

"मी बसतो की," पद्मावतीबाई पदर खोचत म्हणाल्या. "शालूबाई, तूबी चल."

बाळासोची बायको शालूबाई जन्मभर नदीकाठी राहिलेली, पण ह्या बोटीत तिला कुणी बसवलंच नव्हतं. ती लगेच चढली. दोघी पाठीमागं पोत्यांशेजारी बसल्या, बाळासोनं मोटरची दोरी ओढली. बोट निघाली खरी, पण मागून दबली आणि नाक आभाळाकडं करून पाणी ढकलत राहिली. बाळासोला समोरचं काही दिसेना. दोघी बायका मात्र एकमेकींना धरून मनमुराद हसत होत्या.

"वजन हसतंय बघा, आप्पा," बाळासो बोटीतून ओरडला.

काठावर आल्यावर दोघी उतरल्या आणि बोट पुन्हा सुटली. या वेळी थोडं अंतर गेल्यावर तिनं नाक खाली घेतलं, अंग वर उचललं आणि पाणी कापण्याऐवजी पाण्यावरून घसरत निघाली. मोटर तीच, माणूस तोच. बाळासोच्या मागं पांढरा फेस उठला.

आप्पासो काठावर उभे राहून बघत होते. मगदूम जैन, दिवस मावळायच्या आत त्यांचं जेवण व्हावं म्हणून शालूबाईनं लवकर भाकऱ्या थापल्या होत्या. आप्पासो खाली मान घालून जेवले. भाकरी संपल्यावर ते पाणी प्याले आणि म्हणाले, "बाळ्या, बिडाचा ब्लॉक क्रांतीला परत दे."

"आप्पा, त्यो तुमचा..."

"माझा हाय म्हणूनच सांगतो. त्यो जिपंसाठी ओतलाय, बोटीसाठी न्हाय. त्याला पाण्यात घालून त्याचं नाव कशाला घालवायचं?"

परतीची बस केर्लीच्या पुढं आल्यावर ते पद्मावतीबाईंना म्हणाले, "जीव तुटला गं." त्यांनी नवऱ्याच्या हातावर हात ठेवला आणि कोल्हापूर येईपर्यंत काढला नाही.

पण एकदा ठरल्यावर आप्पासो अर्धवट काम करणारे नव्हते. ॲल्युमिनियमच्या ब्लॉकवर सरळ पट्टी ठेवली, तर वरचा पृष्ठभाग किंचित वाकलेला निघाला. उद्यमनगरात ओळखीच्या यंत्रावर तो घासून सपाट करून घेतला. सिलिंडर मोजले, झीज नावापुरती होती. पुराचं पाणी गाळानं भरलेलं असतं, ते इंजिनात घेतलं तर वाटा बुजणार. म्हणून थंड करायचं पाणी त्यांनी इंजिनातच फिरतं ठेवलं आणि ते नदीच्या पाण्यानं गार व्हावं म्हणून बोटीच्या पोटाखालून तांब्याची नळी नेली. बोट ढकलणारा पाण्यातला पंखा तीन वेळा बदलून बघितला. फौंड्रीतले जुने सोबती चेष्टा करायला यायचे, "मगदूम डब्यात चपात्या भरायलाय की न्हाय?" आप्पासो त्यांनाच पाना धरायला लावायचे.

शर्यतीच्या दिवशी दोन्ही काठ माणसांनी फुलले. पलीकडच्या एकानं कोरी करकरीत मोटर आणली होती. सुटताना बाळासो पुढं होता, वळणापर्यंत पुढंच होता. मग ती कोरी मोटर ओरडत आली आणि शेवटी अर्ध्या बोटीच्या अंतरानं पुढं निघाली. बाळासो दुसरा आला. त्याच्यामागं मात्र पलीकडच्या चार बोटी होत्या, आणि अलीकडच्या काठानं एवढा गुलाल उधळला, की जिंकलं कोण हे परक्या माणसाला कळलंच नसतं. संध्याकाळी पलीकडचे दोघं बोट लावून इंजिन बघायला आले.

"ह्यो ब्लॉक कुणी निवडला म्हणायचा, पावणं?" त्यांनी विचारलं.

बाळासोनं आप्पासोंकडं बोट केलं. आप्पासोंनी मान हलवली.

"मी बीड निवडलं होतं. ह्यो ह्या दोघींनी निवडला." त्यांनी पद्मावतीबाई आणि शालूबाईकडं हात केला. त्या पाव्हण्यांना ते कळलं नाही, पण दोघी पुन्हा हसत सुटल्या.

पुढच्या पावसाळ्यात नदी पात्राबाहेर आली, तेव्हा बाळासो धारेच्या विरुद्ध गोठ्यावर गेला, दावणीची वासरं बोटीत घेतली आणि त्याच वाटेनं परत आला. रिव्हर्सचा विषय गावानं सोडून दिला.

पूर ओसरल्यावर आप्पासो कोडोलीला गेले. त्यांना पोहता येत नव्हतं आणि आजवर ते बोटीत कधी बसले नव्हते. शालूबाईनं त्यांच्या अंगात लाइफ जॅकेट घातलं. बाळासोनं बंधाऱ्यापर्यंत नेलं, वळवलं आणि पुरा वेग दिला. आप्पासोंची टोपी उडून पाण्यात पडली. त्यांनी दोन्ही हातांनी काठ घट्ट धरला होता, डोळ्यांतून वाऱ्यानं पाणी येत होतं. काठाला लागल्यावर बाळासो हात द्यायला पुढं झाला, पण ते उठले नाहीत.

"आणि एक चक्कर मार," ते म्हणाले. "जरा जोरात."