अकरा काळे, एक पिवळा

हुपरीला मी गेलो होतो भाचीच्या पैंजणाची तुटलेली कडी जोडून घ्यायला, आणि परत आलो एका देवळाचा पत्ता घेऊन. कारागिराच्या पुढ्यात, घुंगरांच्या ढिगाशेजारी, चांदीचा एक मुखवटा उताणा पडला होता. भरघोस मिशा, कपाळावर तिसरा डोळा.

"सोमलिंगाचा हाय," कारागीर म्हणाला. "यात्रा आलीया, म्हणून उजळायला दिलाय. देऊळ बघितलंय काय तुम्ही? जाऊन या. एक रिटायर मोल्डर दोन वरसं झाली, खांबांवरचा रंग काढत बसलाय. आणि गंमत म्हंजे, तो रंग तरुणपणी त्यानंच लावल्याला!"

आपल्या भागातली जुनी देवळं हिंडणाऱ्याला ऑइलपेंट नवा नाही. आठशे वर्षांच्या दगडावर पिवळा, गुलाबी, चंदेरी रंग पाहून मी आजवर बऱ्याच पोस्टमध्ये चिडचिड केलेली आहे. पण रंग लावणारा माणूस कधी भेटला नव्हता. शनिवारी सकाळी स्कूटर काढली.

गावाचं नाव लिहीत नाही. एका बाईंना तसा शब्द दिला आहे, आणि त्या कोण हे पुढे कळेलच. दिशा मात्र सांगतो. कोल्हापूरहून हुपरी, तिथून दक्षिणेकडे, सीमेच्या अंगानं. हुपरीपर्यंत एसटी भरपूर आहेत, पुढे सकाळी एक आणि संध्याकाळी एक. स्वतःची गाडी असेल तर बरं. हंगाम संपत आला असला तरी उसाच्या ट्रॉल्या अजून रस्त्यावर आहेत. दोन ट्रॉल्यांची जोडी पुढे असेल तर ओव्हरटेक करू नका, मागून निवांत जा. पडलेल्या कांड्यांवरून चाक घसरतं, हे मी अनुभवानं सांगतोय. गावाच्या अलीकडे कट्ट्यावर चहा आणि गरम भजी मिळतात. दोन दिवसांचा माझा सगळा खर्च पेट्रोलसह पाचशेच्या आत झाला.

देऊळ लांबून दिसत नाही. वरचं शिखर चुन्याचं, अलीकडचं आणि बेताचंच आहे. गल्ली संपते आणि समोर काळ्या दगडाचा मुखमंडप येतो. दोन्ही बाजूंना दगडी बाक, पाठ टेकायला मागे उतरती फळी. इतक्या शतकांच्या पाठींनी ती आरशासारखी गुळगुळीत झालेली. आत चौकोनी सभामंडप, मध्ये रंगशिळा, म्हणजे गोल दगडी ओटा, आणि बारा खांब. छत चौकोनावर तिरका चौकोन ठेवत आक्रसत गेलंय आणि शेवटी एका दगडी कमळावर थांबलंय. चुना कुठेच नाही, दगड दगडावर स्वतःच्या वजनानं बसलेला. गाभाऱ्याच्या दारावर वेलींच्या पाच पट्ट्या, खाली उंबऱ्यावर दात विचकणारं कीर्तिमुख. बाजूच्या जाळीतून येणारं ऊन नंदीच्या पाठीवर चौकटी पाडत होतं.

हे झालं दगडाचं. बाकीचं सामान असं: साखळीला लोंबता पितळी दिवा, पुरुषभर उंचीच्या दोन समया, पिंडीवर थेंब थेंब पाणी सोडणारं तांब्याचं गळतं, कोपऱ्यात आडोशाला पालखी. शिवाय एक स्टीलचं कपाट, तीन पंखे आणि बटण दाबलं की नगारा-झांज एकदम वाजवणारं यंत्र. फोटो काढताना कपाट आणि पंखे चौकटीबाहेर ठेवायची माझी जुनी सवय आहे. त्या दिवशीही तेच चाललं होतं.

"पावणं, ते कपाट का वगळताय? त्यात देवाची धोतरं हायत," मागून आवाज आला.

हेच ते कल्लाप्पा मोल्डर. गाव त्यांना मामा म्हणतं. शिरोलीच्या एका फाउंड्रीत, ओतकामाचे साचे घालण्यात त्यांची सगळी नोकरी झाली. कानामागे खडू, हातात बांबूची पातळ पट्टी.

बारापैकी अकरा खांब मोकळे झाले होते. खाली चौकोनी बूड, मग अष्टकोन, मग गोल, आणि गोलावर बारीक कंगोऱ्यांचे वेढे, एकाखाली एक, नखानं मोजावेत असे. मामांनी माझं बोट धरून एका वेढ्यावरून फिरवलं. "कळतंय? कुठं उचकी न्हाय. लेथवर काढल्यागत. कोण म्हणतं फिरवून काढल्यात, कोण म्हणतं हातानं घोटल्यात. कसंबी काढू दे, हे करणारा आमच्या लायनीतला मानूस."

प्रत्येक मोकळ्या खांबाच्या बुडाशी खडूची बरोबरची खूण होती. फाउंड्रीत तयार माल तपासला की चांगल्यावर अशी खूण करतात, बिघडलेल्यावर फुली. "ह्यो पास. ह्यो पास," मामा दाखवत चालले होते. बाराव्याला खूण नव्हती.

बारावा खांब खालपासून वरपर्यंत पिवळाधमक होता. बुडावर, गुडघ्याच्या उंचीला, लाल अक्षरं होती: कै. सिद्राम यांचे स्मरणार्थ. ओळ उजवीकडे वर चढत गेलेली, शेवटचं अक्षर जागा न उरल्यानं दाबून बसवलेलं.

"अक्षर माझंच," मामा म्हणाले.

सिद्राम त्यांचा मित्र, त्याच फाउंड्रीतला. तीस वर्षांपूर्वी दोघांनी पहिल्या बोनसमधून रंग आणला आणि सुट्टीत देऊळ रंगवलं. "आमाला वाटलं, देव अंधारात बसलाय. उजेड करू." गावानं दोघांना फेटे बांधले होते. पुढच्याच पावसाळ्यात सिद्राम काविळीनं गेला. मामांनी उरलेल्या लाल रंगात त्याचं नाव लिहिलं.

इथं गावाची एक रीत सांगायला हवी, कारण सगळं तिच्यावरच अडलं होतं. देवळाचा प्रत्येक खांब एकेका भावकीचा आहे. यात्रेच्या आदल्या दिवशी त्या घरची थोरली बाई खांबाला तेलाचा हात लावते, पायाशी दिवा ठेवते. तिच्या शब्दाशिवाय खांबाला कुणी हात लावायचा नाही. अकरा घरांनी एकेक करत, महिनोन्महिने लावून, होकार दिला होता. बारावा खांब सिद्रामच्या भावकीचा. तिथली थोरली म्हणजे त्याची बायको गंगाक्का, आणि गंगाक्का दोन वर्षांत हो किंवा नाही, काहीच म्हणाल्या नव्हत्या.

"विचारलं का त्यांना?"

"काय विचारू? वैनी, तुमच्या मालकाचं नाव खरवडू काय, असं?"

जेवण मामांच्याच घरी झालं. ज्वारीची भाकरी, ओल्या हरभऱ्याची आमटी आणि मामींनी आग्रहानं वाढलेली हुग्गी, म्हणजे गव्हाची दाट खीर. मुक्कामाला गावात लॉज नाही, पण देवळामागच्या भक्तनिवासात स्वच्छ खोली मिळते. चादर मात्र स्वतःची न्या.

रविवारी सकाळी नंदीपुढच्या कट्ट्यावर यात्रा कमिटी बसली. अध्यक्ष बाळगोंडा, मामांच्या निम्म्या वयाचे, मोठ्या आवाजाचे.

"मामा, यात्रा आठ दिवसांवर आली. अकरा काळं नि एक पिवळा! पै-पावणं हसत्यात. एक तर बारावा करा, न्हायतर मी सगळ्या बाराला सोनेरी मारतो. डबे कपाटामागं आणून ठेवल्यात."

"दोन वरसं काम केलंय रं मी."

"व्हय, मग आठ दिसांत एक व्हईना? आपल्या पोरांच्या ओळखीचं ब्लास्टिंगचं, वाळूचा मारा करून रंग उडवायचं मशीन हाय. एका दुपारचं काम."

मामा पहिल्यांदा चिडले. "कास्टिंगला ब्लास्टिंग करत्यात ते कातडी काढायला. हितं सगळं कामच कातडीवर हाय! वेढं जात्याल, नुसता खुंट राहील."

"मग वैनींकडं जावा की. मशीनशी काय भांडताय?"

मला तिथून उठून जावंसं वाटत होतं. दोन वर्षांचं काम आठ दिवसांत सोनेरी रंगाखाली जाणार होतं आणि ते वाचवणारं एक वाक्य मामांच्या तोंडून निघत नव्हतं.

मामा गेलेच नाहीत. गंगाक्का आल्या. कमिटी पांगल्यावर तासाभरानं, हातात तेलाची वाटी घेऊन. ठेंगण्या, पदर डोक्यावर. मला नमस्कार केला न केला, सरळ अकराव्या खांबापाशी गेल्या आणि बोटभर तेल लावून पाहिलं. दगडानं ते हळूहळू आत घेतलं. मग बाराव्याला लावलं. तेल थेंबाथेंबानं ओघळून फरशीवर आलं.

"तीस वरसं असंच वघळतंय," त्या म्हणाल्या. "बाकीच्यांचं आता दगुड घेतोय. मला वाटायचं, माझंच काय चुकतंय. देव माझं तेल घेत न्हाय."

मामांनी मान खाली घातली. "वैनी, चूक आमची हाय. दोघांची."

"खाली काय निघंल?"

"दगुड. वेढं आसत्याल, बाकीच्यांत हायत तसं."

"आणि ह्येंचं नाव?"

खोटं बोलायची सोय होती. नाव पाटीवर लिहू, दुसरीकडे बसवू, कमिटीला सांगू. मामांनी यातलं काहीच म्हटलं नाही.

"जाईल," ते म्हणाले.

गंगाक्कांनी वाकून त्या लाल अक्षरांवरून बोट फिरवलं. मग वाटी खाली ठेवली. "वरनं चालू कर. नावाजवळ आलास की थांब. तितलं मी बघतो." (आमच्याकडे बायकाही 'बघतो, येतो'च म्हणतात.)

मामा शिडी आणायला जवळजवळ पळालेच.

वाचणाऱ्यांपैकी कुणाला आपल्या गावी हे करावंसं वाटेल, म्हणून सांगतो: घरच्या घरी करू नका. मामांनी दगडाच्या जतनाचं काम करणाऱ्या एका बाईंकडे आधी रीतसर शिकून घेतलं. रंग मऊ करणारी लापशी लावायची, वर ओलं फडकं गुंडाळायचं, वाट बघायची. मग बांबूच्या पट्टीनं साल सोडवायची आणि सांदीत दात घासायचा ब्रश फिरवायचा. लोखंड दगडाला लावायचंच नाही. मला फडकी भिजवायचं काम मिळालं आणि मी ते अभिमानानं केलं.

दुपारी वरचा गोल भाग उघडा पडला. मामा नखानं वेढे मोजत होते. थांबले. पुन्हा मोजले.

"आयला!"

"काय झालं?" गंगाक्का बाकावरून उठल्या.

"आठच हायत. बाकी सगळ्यांना नऊ. ह्यो बघा, मधनं एक राहिलाय. जागा सोडल्याय, वेढाच काढल्याला न्हाय." शिडीवरच ते हसायला लागले. "पहिलाच जॉब आसंल बाबाचा. आमच्याकडं आसता तर फुली पडली आसती. रिजेक्ट!"

"आमच्याच वाटणीला आला व्हय रिजेक्ट माल?"

"आठशे वरसं छत धरलंय की ह्येनं, वैनी! तवाच कुणीतरी बघितलं आसंल, म्हणलं आसंल, जाऊ दे, बसव. पास केलाय."

गंगाक्का हसल्या नाहीत. पण शिडीखाली आल्या, मान वर करून त्या सुटलेल्या जागेकडे पाहिलं, आणि मग खाली गुडघ्याच्या उंचीला, त्या तिरक्या, दाटीवाटीच्या अक्षरांकडे.

मी निघालो तेव्हा मामा अष्टकोनापर्यंत पोचले होते. गंगाक्कांनी मला दारात गाठलं. "लिवणारं मानूस हाय म्हणं तुम्ही. गावाचं नाव घालू नगा. लोक नाव बघायला येत्याल, देव ऱ्हाईल बाजूला." शब्द दिला. परतीच्या वाटेवर उसाच्या ट्रॉलीमागून निवांत आलो.

घरी आल्यावर फोटो उघडले आणि पहिल्यांदाच कपाट आणि पंख्यांसकटचे ठेवले. ज्या कपाटात देवाची धोतरं आहेत आणि ज्यामागे सोनेरी रंगाचे डबे वाट पाहत होते, ते वगळून या देवळाची गोष्ट सांगता येत नाही. ऑइलपेंटवरच्या माझ्या जुन्या पोस्टही वाचल्या. त्यातली वाक्यं खोटी नाहीत, रंग काढायलाच हवा. फक्त तो लावणारे दोघं सुट्टीच्या दिवशी, नव्या ब्रशांनिशी, देवाला उजेड द्यायला निघाले होते, हे त्यात कुठेच नव्हतं.

नवव्या दिवशी, यात्रा झाल्यावर, मामांचा फोटो आला. उजळलेला मुखवटा पिंडीवर, समया पेटलेल्या, बाराही खांबांच्या पायाशी दिवे. बारावा खांब काळा, तेलानं ओलसर. फक्त गुडघ्याच्या उंचीला वीतभर रुंद पिवळी पट्टी, त्यावर वर चढत गेलेली लाल ओळ. मी फोन केला.

"नाव राहिलं, मामा?"

"राहिलं. भोवतीनं सगळं वैनींनीच काढलं, बांबूची पट्टी धरून. बाळगोंडा आला, म्हणला, हे तेवढं राहिलं की! वैनींनी माझ्या कानामागचा खडू घेतला."

मी फोटो मोठा करून पाहिला. पिवळ्या पट्टीच्या शेजारी, मोकळ्या दगडावर, मामांच्या हातची नसलेली, जरा तिरकी, बरोबरची खूण होती.