बरणीतली शेवंड

मी इथल्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत असे. प्रयोगशाळेच्या कपाटात, खालून दुसऱ्या फळीवर, फॉर्मलीनच्या बरणीत एक शेवंड होती. समुद्रातला हा काटेरी, लांब मिशांचा जीव जबलपूरच्या मुलांनी आणखी कुठे पाहायचा? रंग उडून ती जुन्या कागदासारखी पिवळट झाली होती. दरवर्षी बरणी टेबलावर ठेवून मी सांगायचो, हिला खेकड्यासारख्या मोठ्या नांग्या नसतात. धोका जाणवला की मिशा मुळाशी घासून आवाज करते, एवढंच.

लग्नानंतर पहिल्याच वर्षी मी बायकोला प्रयोगशाळा दाखवायला नेलं. ती रत्नागिरीकडची, खाडीकाठच्या गावची. बरणी पाहून इतकी हसली की शिपाई दारातून डोकावला.

"अहो, हिला औषधात काय बुडवून ठेवलीत? हिची जागा खोबऱ्याच्या वाटणात!"

मग आवाज उतरवून म्हणाली, "आमच्याकडे धरली की करकरते हो. पार टोपलीत टाकेपर्यंत."

तो आवाज मी फक्त पुस्तकात वाचला होता.

आमचं घर पिढ्यान्‌पिढ्या शाकाहारी. मासे सोड असं तिला कुणी म्हटलं नाही, तिनेच सोडले. नवी नवरी असताना आईने विचारलं, तुला काय आवडतं? तिने श्रीखंड सांगितलं. पुढे तिच्या प्रत्येक वाढदिवसाला श्रीखंड झालं. तिच्या माहेरी माझ्यासाठी वेगळा स्वयंपाक व्हायचा, आणि मी असलो की तीही माझ्याच बाजूला बसून तेच जेवायची.

शेवटच्या आजारात तिला अन्न जाईना. एका सकाळी उशीवरून मान वळवून तिने विचारलं, "इथे शेवंड मिळेल का हो?"

मी पिशवी घेऊन गोहलपूरकडे मासळीवाल्याला शोधत गेलो. आयुष्यात पहिल्यांदाच.

"बाबूजी, वो तो समुंदर की चीज़ है," तो हसून म्हणाला. "रोहू ले जाइए, नर्मदाजी की है."

माझा एक विद्यार्थी मुंबईत आहे. सांगितलं असतं तर त्याने बर्फात घालून पाठवली असती. हे मला परतताना रिक्षातच सुचलं होतं. घरी येऊन मी एवढंच म्हटलं, "मिळाली नाही."

"राहू द्या," ती म्हणाली. "घरभर वास सुटला असता."

मला हायसं वाटलं. ते तिने पाहिलं.

तेराव्याच्या आदल्या दुपारी धाकटी बहीण सिहोऱ्याहून आली. गेलेल्या माणसाच्या आवडीचं काही पानात असावं, म्हणून ती कागद घेऊन बसली.

"वहिनीला श्रीखंड आवडे. तेच लिहून राहिली मी दादा."

"तिला शेवंड आवडायची," मी म्हणालो.

"अच्छा? ते काय असते?"

मी सांगितलं. दहा पाय, पाठीवर काटे, दिवसा खडकाच्या कपारीत राहते, अंग वाढलं की जुनं कवच टाकते. वर्गात सांगायचो तसंच. ती पेन धरून ऐकत होती.

"वहिनी कधी बोलली काहून नाही?" ती म्हणाली. "अन् लागते कशी?"

ते मी बायकोला कधी विचारलंच नव्हतं.

शेवटी बहिणीने श्रीखंडच लिहिलं. दुसऱ्या दिवशी बायकोच्या पानावर ते मीच वाढलं.