आमचे हे घरून टाकी बघतात

आमचे हे पाणीपुरवठा खात्यात पंप ऑपरेटर आहेत. चौतीस वर्षं झाली. नोकरीला लागले तेव्हा काडीपैलवान होते, आता पोट सुटलंय, पण स्वभाव तसूभर बदललेला नाही. ऑफिसात त्यांना 'काटा' म्हणतात. दाबाच्या मीटरवरचा काटा असतो ना, तसे. जेवढं आहे तेवढंच दाखवणार, कुणाचं मन राखायला रेसभर हलणार नाहीत. मी एकदा केस कापून आले आणि हौसेनं विचारलं, "कशी दिसते?" तर म्हणाले, "मागून डावीकडे अर्धा इंच जास्त कापलेत." आता अशा माणसाशी संसार करायचा म्हणजे डोकं जागेवर कसं राहणार?

या माणसाला अभिमान एकाच गोष्टीचा, सर्व्हिस बुकाचा. त्यात शेऱ्यांचं एक पान असतं. कुणी चूक केली, कामावर झोपला, नियम मोडला की साहेब तिथे लिहितात. यांचं पान चौतीस वर्षं कोरं. "चांगलंही कुणी काही लिहिलं नाहीच ना?" असं मी चिडवते. "चांगलं काम करायचाच पगार मिळतो," असं उत्तर येतं. निवृत्तीला आठ महिने उरले होते. ते पान कोरं ठेवून घरी यायचं, याखेरीज त्यांची काही इच्छा नव्हती, आणि मी ती उठता बसता ऐकत होते.

तेवढ्यात पाय मोडला. पंपाची खोली जमिनीखाली आहे, बावीस पायऱ्या उतरून जावं लागतं. त्यातल्या शेवटून तिसरीवर पाणी सांडलं होतं. पायात पट्टी घातली, आठ स्क्रू ठोकले आणि डॉक्टर म्हणाले, सहा महिने पायरी चढायची नाही की उतरायची नाही. ऑफिसात आधीच माणसं कमी. मग साहेबांनी ठरवलं, काट्यानं दिवसपाळी घरूनच करावी. पंपघरातला कॉम्प्युटर घरी बसून बघायचा, टाकी किती भरली ते पाहून पंप चालू-बंद करायचा, आणि खाली एक मदतनीस राहील.

त्यासाठी ऑफिसची कॉम्प्युटरवाली पोरगी लॅपटॉप घेऊन आली. पोरगी हुशार. हे पाण्यातले, म्हणून तिनं पाण्याच्याच भाषेत सांगितलं. "काका, तुमच्या घरापासून पंपघरापर्यंत मी एक बंद पाइप टाकलाय. बाहेरचं काही आत शिरणार नाही, आतलं बाहेर गळणार नाही. पण पाइपाच्या तोंडाशी तुम्ही बसलाय. तिथे राखण तुमची." मग नियम सांगितले. हा लॅपटॉप दुसऱ्या कुणी वापरायचा नाही. आधी पासवर्ड, मग मोबाइलवर येणारा आकडा, तो दर अर्ध्या मिनिटाला बदलतो. तीनदा चुकलं की दार बंद. पाच मिनिटं हात लावला नाही की पडदा आपोआप बंद. आणि आत जो जाईल त्याचं नाव, वेळ, त्यानं काय दाबलं, सगळं ऑफिसात आपोआप लिहिलं जातं. "कॉम्प्युटरला चेहरा दिसत नाही, काका. पासवर्ड ज्याचा, काम त्याच्या नावावर. म्हणून पासवर्ड कुणाला सांगितला, तर घरून काम त्याच दिवसापासून बंद आणि पुस्तकात शेरा."

मी शेजारीच मशीनवर शाळेचे गणवेश शिवत होते. कान काय कापून ठेवायचे? मी म्हटलं, "बायकोलाही सांगायचा नाही?"

"बायकोला तर मुळीच नाही, काकू," पोरगी हसत म्हणाली. हे हसले नाहीत. यांनी मान डोलावली आणि वहीत लिहून घेतलं!

झालं. दुसऱ्या दिवसापासून आमच्या एवढ्याशा खोलीत पंपघर आलं. सकाळी सातला हे दाढी करून, खात्याचा खाकी शर्ट घालून, प्लॅस्टरचा पाय स्टुलावर ठेवून बसायचे. खाली लुंगी. वर खातं, खाली घर. पासवर्ड टाकायच्या आधी माझ्याकडे बघायचे. मी मशीन थांबवून तोंड फिरवल्याशिवाय बोट हलायचं नाही. एकोणतीस वर्षं या माणसाचं पथ्यपाणी केलं, आजारपणं काढली, आणि आता मी परकी! पहिल्या आठवड्यात मी भांडून घेतलं. "मी काय टाकी पळवून नेणार आहे?" तर म्हणाले, "तू नेणार नाहीस. पण नियमात तू सोडून असं लिहिलेलं नाही." मी दोन दिवस बोलले नाही. त्यांना ते कळलंच नाही, कारण टाकी बघत होते.

काम मात्र चोख. एकदा पडदा काळा झाला, पंपघर दिसेनाच. यांनी फोन करून करून मदतनिसाला वर बोलावलं, तर कळलं, नव्या रखवालदारानं विजेची बचत म्हणून तिथला कॉम्प्युटर बंद करून वर फडकं झाकलं होतं. "माणूस समोर बसलेला नाही, मग चालू कशाला?" असं त्याचं म्हणणं. बिचाऱ्याचं चुकलं तरी काय? हे त्याला पाऊण तास समजावत होते की समोर कुणी नसलं तरी मी बसलेलो आहे.

आता त्या दिवसाचं सांगते. वरची टाकी भरत होती. ती टाकी उतारावर आहे, खालच्या अंगाला घरांची ओळ. टाकी भरली की पंप आपोआप बंद करणारी कळ त्या आठवड्यात बिघडली होती, दुरुस्तीला दिलेली. त्यामुळे डोळ्यांत तेल घालून बघायचं आणि पंचाण्णव टक्क्यांना हातानं बंद करायचा. तीन वर्षांपूर्वी दुसऱ्या एकाच्या पाळीत ती टाकी वाहिली होती, तेव्हा खालच्या घरांत गुडघाभर पाणी शिरलं होतं.

पाऊण वाजायच्या सुमाराला हे जरा कळवळले. मला वाटलं, बसून बसून पाठ धरली असेल. बघते तर माणूस खुर्चीवरून खाली, घामानं शर्ट चिंब, कमरेला हात धरून मासळीसारखा तडफडतोय. मुतखडा होता, पण ते नंतर कळलं. मी शेजाऱ्यांना हाक मारली, ते गाडी काढायला धावले. येऊन बघते तर हे खुर्चीला धरून अर्धवट उठलेले, पडदा बंद झालेला, आणि पासवर्ड टाकतायत. चुकला. पुन्हा टाकला. दुखण्यानं बोट भलत्याच अक्षरावर पडत होतं, पुन्हा चुकला.

"अगं, तू टाक," म्हणाले. "शेवटचं बघितलं तेव्हा चौऱ्याऐंशी होती. ऐक, मी सांगतो. पहिलं अक्षर..."

मी त्यांच्या तोंडावर हात ठेवला. खरंच ठेवला, चांगला घट्ट. म्हटलं, "खबरदार एक अक्षर बोललात तर!"

"अगं, घरं बुडतील खालची!"

"बुडू देत नाही मी. पण हे असं नाही."

मदतनिसाला फोन लावला. दोनदा पूर्ण वाजला. पंपाच्या घरघरीत त्याला काय ऐकू येणार? मग लॅपटॉपच्या पाठीवर मुख्य कार्यालयाचा नंबर चिकटवलेला होता, तो लावला. तीच पोरगी होती. मी म्हटलं, "काट्याची बायको बोलतेय. हे आडवे पडलेत, दवाखान्यात नेतेय. वरच्या टाकीचा पंप चालू आहे, बंद करणारी कळ बिघडलेली आहे, शेवटची चौऱ्याऐंशी बघितली होती. इथला पडदा बंद आहे आणि मी त्याला हात लावलेला नाही. तू तुझ्याकडून बंद कर, आणि यांचं दारही बंद करून टाक."

पलीकडे खटाखट आवाज आला. "एक्क्याण्णव दिसतंय, काकू. बंद केला. उतरतोय दाब... झाला बंद. तुम्ही निघा."

गाडीत हे माझ्या मांडीवर डोकं ठेवून कण्हत होते आणि मधेच विचारत होते, "किती होती?" मी म्हटलं, "एक्क्याण्णव. आता गप्प पडा."

चौथ्या दिवशी साहेब घरी आले, हातात कागद घेऊन. नियमच आहे, असं काही झालं की चौकशी होते. कागदावर सगळं छापलेलं. बारा सत्तेचाळीसला पडदा बंद. बारा त्रेपन्न आणि बारा चोपन्नला चुकीचा पासवर्ड. एक वाजून एक मिनिटाला मुख्य कार्यालयानं पंप बंद केला. साहेब खूश होते. "मधे कुणी शिरलेलं नाही. हे दोन प्रयत्न तुमचेच ना? मग झालं, संपलं प्रकरण. इथे एक सही करा. पासवर्ड कुणाला सांगितला नाही, असं लिहिलंय."

हे सही करेनात. मी डोळे वटारले. उपयोग शून्य.

"सांगितला नाही, साहेब," हे म्हणाले, "पण सांगायला निघालो होतो. हिनं माझं तोंड दाबलं."

अहो, कुणी विचारलं होतं का? आठ महिन्यांतले पाच सरले होते, तीन राहिले होते. साहेबांनी पेन खाली ठेवलं. मला एवढा संताप आला की चहाचा कप तसाच आपटला.

साहेब माझ्याकडे वळले. "पाणी चढत होतं, नवरा स्वतः सांगत होता. मग तुम्ही घेतला का नाहीत?"

मी म्हटलं, "घेतला असता तर त्या तुमच्या कागदावर एक वाजता यांनी पंप बंद केला असं आलं असतं. आणि हे तर जमिनीवर लोळत होते. चौतीस वर्षांत या माणसानं एक आकडा खोटा लिहिला नाही, साहेब. शेवटच्या तीन महिन्यांत मी लिहायचा?"

साहेबांनी तो कागद घडी करून खिशात ठेवला. मग म्हणाले, "घरून काम चालू राहील. पासवर्ड आजच बदला. पण काटेराव, तुम्ही बोललात आणि मी ऐकलं. आता मला लिहावं लागेल."

"लिहाच," हे म्हणाले.

पंधरा दिवसांनी त्या पानाची नक्कल सहीसाठी घरी आली. मला बघवेना. कोऱ्या पानावर तो एकच शेरा, साहेबांच्या बारीक अक्षरात. 'तीव्र वेदनेत असताना पासवर्ड उघड करण्याचा प्रयत्न. पत्नीने ऐकण्यास नकार देऊन मुख्य कार्यालयास तात्काळ कळवले. हानी नाही.' एवढं जपलेलं पान, आणि तेही यांनी आपल्याच तोंडानं घालवलं.

यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं. सही केली, तारीख घातली.

"वाईट वाटतंय?" मी विचारलं.

"कशाचं?" म्हणाले. "चौतीस वर्षांच्या पुस्तकात एकच शेरा, आणि त्यात तू आहेस."

हे बोलताना माझ्याकडे बघतही नव्हते, पेनाचं टोपण लावत होते. मला मात्र रडू फुटलं ते थांबेना. म्हटलं, "जळो तुमचं ते पुस्तक, आधी औषध घ्या."