रंगनाथभाऊंचे दोन ग्लास

रंगनाथभाऊ गेल्याचा फोन आला, त्याला आता पाच आठवडे झाले. त्यांच्या मुलाने सांगितलं, सकाळी चहा घेतला, पेपर मागितला आणि बसल्या जागी मान टाकली. सुखाचं मरण, असं सगळे म्हणाले. माझ्या मनात मात्र पहिली गोष्ट आली ती ही, की आता कबुली द्यायची राहूनच गेली. एक चूक पोटात ठेवून इतकी वर्षं मी त्या माणसासमोर वावरले होते…

चौऱ्यांशी साली जालन्याच्या एमआयडीसीत, कारखान्यांचे नकाशे आणि मॉडेलं करणाऱ्या एका छोट्या ऑफिसात मी ट्रेसर म्हणून लागले. भाऊ मूळचे वाटूरचे. मी शाईने काढलेला नकाशा ते टेबलावर उभा करायचे, शंभरास एक या मापाने. नऊ इंची भिंत म्हणजे दोन-सव्वादोन मिलिमीटरची प्लास्टिक शीट आणि शेडचा खांब म्हणजे काडीएवढी पट्टी. माल औरंगाबादहून यायचा, नाहीतर साइनबोर्डवाल्याकडची कात्रणं मिळायची, आणि भाऊ त्याची अशी उलटतपासणी घ्यायचे, की मला बघायला आलेल्या पाहुण्यांनीही तेवढी घेतली नव्हती. उजेडात धरायचे, कड नखाने खरवडायचे, वाकवून पांढरी रेघ उमटते का बघायचे. शेवटची परीक्षा टेबलावरच्या काचेच्या ग्लासात. नखाएवढा तुकडा पाण्यात टाकायचा, पेन्सिलीच्या टोकाने तळाशी दाबायचा आणि सोडायचा. ‘बुडलं ते आपलं, तरंगलं ते दुकानदाराचं,’ हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आमची जोडणी क्लोरोफॉर्मने व्हायची. त्याने कडा विरघळून एकजीव होतात, पण तरंगणाऱ्या जातीला तो लागतच नाही. ती चिकटल्याचं नुसतं सोंग करते.

एका मे महिन्यात बियाणांच्या एका नव्या प्लँटचं मॉडेल चाललं होतं. वडिलांचं दुखणं निघालं म्हणून भाऊ दोन दिवस गावी गेले आणि छपराखालच्या त्रिकोणी कैच्या माझ्यावर सोपवून गेले. निम्म्यात पट्टी संपली. कोपऱ्यात खोकी बांधायची पांढरी पट्टी पडली होती, जाडी बराबर, रंग बराबर. ग्लासात टाकून बघणारच होते, पण ग्लास रिकामा होता. तासाभरापूर्वी मीच तो पिऊन टाकला होता. नळाला चार दिवस पाणी नव्हतं, ऑफिसातला माठ कोरडा ठणठणीत, आणि समोर ते परीक्षेचं पाणी… मला राहवलं नाही. आता एवढ्याशा तुकड्यासाठी शेजारच्या कारखान्यात पाणी मागायला कोण जाणार? दिल्या पट्ट्या चिकटवून.

भाऊ परतले ते थेट मॉडेल दाखवायच्या वेळेलाच. प्लँटच्या मालकांनी मॉडेलखालचा पाट जरा फिरवून बघितला आणि एक कैची गळाली. मग दुसरी. मग सगळी रांग. आमच्या साहेबांचा चेहरा उतरला. भाऊंनी पडलेली पट्टी उचलली, बोटात फिरवली आणि शांतपणे म्हणाले, “माल मीच निवडला साहेब. चूक माझीच.” मी मान खाली घालून पडलेल्या पट्ट्या गोळा करत राहिले. घर माझ्या एकटीच्या नोकरीवर चाललेलं होतं आणि मी भित्री होते, दुसरं काय. पुढे वर्षभर मॉडेलं औरंगाबादला दुसऱ्याकडे जात राहिली आणि आमचे भाऊ गटारांच्या रेषा ओढत बसले.

काम परत सुरू झालं तेव्हा त्यांच्या टेबलावर दोन ग्लास आले. दोन्ही पाण्याने भरलेले, दुसऱ्यावर बशी झाकलेली. ते बघितलं आणि मला वाटलं, या माणसाचा स्वतःवरचा विश्वास उडाला, आता त्याला एकदा बघून भागत नाही, आणि हे सगळं माझ्यामुळे. मी घरून बाटली न्यायला लागले. ती दुपारीच संपायची, पण त्या टेबलाकडे माझा हात कधी गेला नाही. नंतर लग्न होऊन मी कुंभार पिंपळगावला आले. जालन्यात गेले की भाऊंना भेटायची, चहा व्हायचा, गप्पा व्हायच्या, आणि ती एक गोष्ट न सांगताच मी निघायची.

तेराव्यानंतर त्यांच्या घरी गेले. खिडकीपाशी त्यांनी ऑफिसातून घरी आणलेलं टेबल होतं, आणि त्यावर तेच दोन ग्लास. एकाच्या तळाशी पांढरा तुकडा, दुसऱ्यावर बशी. मला आवरेना. रडत रडत वहिनींना सगळं सांगून टाकलं. त्या ऐकता ऐकता हसायलाच लागल्या.

“अवो ताई, त्याहीला पट्टी हातात घेताच कळलं व्हतं. घरी येऊन म्हणले, टेबलावरचा ग्लास कोरडा व्हता, पोरीनं पिऊन टाकल्ता. एवढ्या उन्हात काय करंल ती.”

“मग तो दुसरा ग्लास?”

“तुमच्यासाठीच भरून ठेवत व्हते की. रोज येऊन म्हणायचे, पोरगी अजून बी पाणी पीत न्हाई, लाजून राह्यली.”

भाऊंचा स्वतःवरचा विश्वास कधी डळमळलाच नव्हता. त्यांच्या मनात किंतु नव्हता, होती ती माझ्या तहानेची काळजी. इतकं हलकं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. थोडा रागही आला… भल्या माणसा, एका शब्दाने सांगायचं होतंस की! पण तेवढा एक शब्द माझ्याच्याने तरी कुठे बोलवला होता?

वहिनींनी बशी काढली, ग्लास विसळला आणि माठातून भरून आणला. मी तो दोन्ही हातांनी धरला आणि एका दमात रिकामा केला. आणखी देऊ का, म्हणून त्यांनी विचारलं. मी ग्लास पुढे केला.